ओट्याची उंची ठरवण्याआधी भरलेलं पातेलं कुठून कुठे जातं ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरात ७२ वर्षांची आई, तिला हातांचा संधिवात आणि गुडघेदुखी. भाऊ मणक्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअरवर, कमरेखाली हालचालही नाही आणि संवेदनाही नाही. मुलगी ६ वर्षांची. तुम्ही स्वतः बेताच्या उंचीच्या आणि यजमान चांगले उंच. स्वयंपाकघर पूर्ण नव्याने करायला काढलंय, आणि तुम्ही विचारताय की ओटा किती उंच घ्यावा, सगळ्यांना चालेल असं एकच स्वयंपाकघर खरंच होतं का, आणि झालं तरी ते दवाखान्यासारखं तर दिसणार नाही ना.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारपण, अपघात किंवा वय झाल्यावर माणसाला स्वतःच्या घरात पुन्हा कामं करता यावीत, यासाठी घरात जाऊन बदल सुचवणं हे माझं रोजचं काम, आणि त्यातला मोठा भाग स्वयंपाकघरात जातो. तेव्हा आधी सरळ उत्तर देते. हो, असं स्वयंपाकघर होतं. पण उंचीचा एकच आकडा मी देणार नाही, कारण पाच जणांना बसणारी एक उंची नसते. शिवाय माझ्या मते उंची हा तुमचा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न आहे वजनाचा. जड आणि गरम वस्तू कोण, कुठून उचलतं आणि कुठे नेऊन ठेवतं?

एक साधं काम घ्या. मोठ्या पातेल्यात पाच लिटर पाणी भरायचं, उकळायचं आणि शेवटी निथळून टाकायचं. पाणी पाच किलो, पातेलं वर एक-दीड किलो. ते सिंकमधून उचलायचं, काठावरून वर घ्यायचं, दोन पावलं चालून शेगडीवर ठेवायचं, आणि मग उकळतं असताना तोच प्रवास उलटा करायचा. संधिवात असलेली व्यक्ती हे करताना नीट पाहिलंत तर दिसेल की ती पातेल्याचे कान बोटांनी धरत नाही. बोटांत जोर नसतो, म्हणून मनगट वाकवून, हाताचे पंजे खाली घालून, पातेलं पोटाशी टेकवून नेते. आणि भावाचं काय? त्याचे दोन्ही हात चाकांवर असतात, त्यामुळे न्यायची वस्तू मांडीवरच येते. मांडीला संवेदना नसेल तर तापलेल्या भांड्याचा चटका कळतच नाही. कातडी भाजून फोड आलेले नंतर कपडे बदलताना दिसतात. मणक्याची दुखापत झालेल्या लोकांना आम्ही ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगतो.

म्हणून माझा आराखडा नेहमी इथून सुरू होतो: सिंक आणि शेगडी एकाच ओट्यावर, एकाच पातळीवर, मधे सलग सपाट जागा, आणि कुठेही उंचवटा नाही. पातेलं उचलायचं नाही, सरकवायचं. दोघांमधलं अंतर ६० ते ९० सेंमी असलं की पुरतं, आणि तीच जागा चिरायला, वाढायला उपयोगी पडते. शेगडी ओट्यावर ठेवायच्या प्रकारची असेल तर तिची कड दहा-बारा सेंमी वर येते आणि सरकवण्याचा विषयच संपतो. म्हणून ओट्यात खाचून बसवायची शेगडी घ्या. सपाट काचेची इंडक्शन शेगडी असेल तर पातेलं जवळजवळ ओट्यावरून ओट्यावरच जातं. नळ बाहेर ओढता येणारा, लवचिक पाइपचा घ्या, म्हणजे पातेलं शेगडीजवळ ठेवूनच भरता येईल. आणि निथळायचं असेल तर पातेलं उचलू नका; आत बसणारी जाळीची टोपली वापरा आणि टोपली वर काढा. पाणी शेगडीवरच राहू द्या, निवलं की मगाने काढा.

हा एक बदल आईला, भावाला आणि तुम्हाला सारखाच उपयोगी आहे. कंबर धरलेल्या दिवशी, पोटात बाळ असताना, हात प्लास्टरमध्ये असतानाही तो उपयोगी आहे. रोनाल्ड मेस या अमेरिकन आर्किटेक्टने ‘युनिव्हर्सल डिझाइन’ ही कल्पना मांडली, तिचा गाभा हाच आहे. लहानपणी पोलिओ झालेले मेस स्वतः व्हीलचेअर वापरत. अपंगांसाठी वेगळी वस्तू आणि इतरांसाठी वेगळी, अशी वाटणी करण्याऐवजी मूळ वस्तूच जास्तीत जास्त लोकांना वापरता येईल अशी करा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या त्यांच्या केंद्राने याची सात तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यातलं एक तत्त्व कमीत कमी शारीरिक श्रमाचं आहे, आणि स्वयंपाकघरात मी त्याला सगळ्यात वरचा मान देते.

आता उंची. प्रत्येकाचं माप असं घ्या: घरात ज्या चपला घालता त्या घालून (किंवा अनवाणी वावरत असाल तर अनवाणी) सरळ उभं राहायचं, दंड अंगालगत, कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजायची. चिरणं, निवडणं, वाढणं अशा कामांना ओटा कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी खाली हवा. पीठ मळणं, कुटणं, लाटणं यांत अंगाचा भार वापरायचा असतो, तिथे आणखी खाली, साधारण २० सेंमी किंवा जास्तच. सिंकचं उलट आहे. तिथे हात काठावर काम करत नाहीत, तळाशी करतात. म्हणून सिंक खोल आणि ओटा बुटका असेल तर भांडी घासताना पाठ हमखास दुखते. हे सगळं हिशोबात घेतलं की एकाच माणसालाही एकच उंची पुरत नाही हे लक्षात येतं.

भावाचं माप खुर्चीत बसून घ्यायचं आणि ते दोन प्रकारचं. एक, गुडघे ओट्याखाली जायला किती उंची लागते. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या एडीए कायद्याच्या मानकांत गुडघ्यांसाठी किमान ६८.५ सेंमी उंची आणि ७६ सेंमी रुंदी धरली आहे, आणि ओट्याचा वरचा भाग ८६.५ सेंमीपेक्षा उंच नसावा असं म्हटलंय. दुसरं, तो बसल्यावर त्याचं कोपर आणि डोळे कुठे येतात. हे खुर्चीच्या गादीच्या जाडीवर आणि हातांच्या दांड्यांवर अवलंबून असतं, म्हणून छापील आकड्यांवर थांबू नका, त्याच्या खुर्चीवरच मोजा. दांडे काढता येणारे असतील तर तुम्हाला तीन-चार सेंमीची मोकळीक मिळते, आणि इथे तेवढ्यानेही फरक पडतो.

सिंक-शेगडीचा तो सलग भाग तुमच्या घरी ८० ते ८५ सेंमीच्या दरम्यान कुठेतरी येईल असा माझा अंदाज आहे. नेमकं कुठे, हे दोन गोष्टी एकमेकींना ओढतात त्यावर ठरेल. ओटा जितका खाली, तितकं भावाला शेगडीवरच्या पातेल्यात डोकावता येईल. पण सिंकच्या तळाखाली गुडघे जायचे असतील तर सिंक तितकं उथळ घ्यावं लागेल. ओटा ८५ आणि सिंक १५ सेंमी खोल, तर खाली ७० उरतात आणि गुडघे आरामात जातात. ओटा ८० वर आणलात तर सिंक १० सेंमी खोल घ्यावं लागेल आणि पाणी बाहेर उडेल. मी सहसा थोडा वरचा ओटा, उथळ सिंक आणि निचऱ्याची तोटी मागच्या बाजूला, अशी तडजोड करते. पसरट, कमी उंचीची भांडी वापरली की आत बघण्याची अडचण बरीच सुटते. पण भाऊ रोजचा मुख्य स्वयंपाक करणारा असेल तर मी झुकतं माप त्याच्या नजरेला देईन. हे घरात कोण किती रांधतं यावर आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही.

ओट्याचा हा भाग खालून मोकळा ठेवायचा. आई इथेच उंच स्टुलावर टेकून काम करेल. गुडघेदुखी असलेल्यांना पूर्ण बसणं आणि उठणं दोन्ही त्रासाचं होतं. पुढे किंचित उतरत्या बैठकीचं स्टूल मिळतं, त्यावर अर्धवट टेकता येतं, पायांवरचा भार कमी होतो आणि उठताना झटका बसत नाही. स्टुलाला चाकं मात्र नकोत.

यजमानांसाठी वेगळा, लहान ओटा ९० ते ९५ सेंमीवर करा, मीटरभर लांबीचा पुरे. मिक्सरसारखी यंत्रं तिथे राहतील आणि उभ्याने करायची कामंही. मुलीसाठी आणि बसून मळण्यासाठी ६५ ते ७० सेंमीवर बाहेर ओढता येणारी फळी घ्या. ही फळी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग ठरतो, असा माझा अनुभव आहे. ती वजन पेलणाऱ्या चॅनलवर हवी आणि पूर्ण बाहेर आल्यावर जागच्या जागी अडकायला हवी, नाहीतर मळताना मागे सरकते.

मोटरवर वरखाली होणारे ओटे मिळतात. उत्तम असतात, पण त्यांना पाण्याचे आणि निचऱ्याचे पाइप लवचिक लागतात, दुरुस्तीची सोय जवळ लागते, आणि खाली सरकताना मुलाचं डोकं किंवा हात सापडणार नाही अशी थांबण्याची यंत्रणा लागते. रोज दोन अगदी वेगळ्या उंचीची माणसं एकाच जागी आलटून पालटून काम करणार असतील तरच मी ते सुचवते. तुमच्या घरी तीन उंचीच्या तीन जागा जास्त चांगल्या, कारण मग एका वेळी तिघांना काम करता येतं.

एक जरा बाजूची गोष्ट, पण मला महत्त्वाची वाटते. आजच्या सलग ओट्याच्या, बांधीव कपाटांच्या स्वयंपाकघराचा पाया १९२६ च्या ‘फ्रँकफर्ट किचन’मध्ये आहे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने ते जर्मनीतल्या कामगार वसाहतींसाठी केलं होतं. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची खोली. पण प्रत्येक पाऊल वाचवलेलं, आणि बसून काम करायला फिरतं स्टूलसुद्धा दिलेलं. बाईचे कष्ट कमी व्हावेत हा हेतू मनापासूनचा होता. पण खोली एकाच माणसापुरती होती. दुसरं माणूस आत आलं की पहिल्याला अडचण. तुम्ही पाच जणांसाठी बांधताय, तेव्हा पावलं वाचवणं आणि माणसांना एकत्र वावरता येणं या दोन्हींचा विचार लागतो.

जागेचे आकडे चटकन सांगते. खुर्ची जागच्या जागी वळवायला १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा लागते. ओट्याखाली पाय जात असतील तर ती जागाही यात धरता येते, म्हणून छोट्या खोलीतही बहुधा जमतं. समोरासमोर दोन ओटे आणि दोन्ही टोकांना वाट असेल तर मधे किमान १०२ सेंमी, आणि तीन बाजूंनी ओटा असेल तर मधे १५२. दार उघडल्यावर मोकळे ८१ सेंमी मिळायला हवेत. फक्त चौकट मोजू नका, उघडं दारही जागा खातं. उंबरा काढाच, तो राहणारच असेल तर सव्वा सेंमीच्या आत आणि उतरत्या कडेचा. ओट्याखाली कपाटं असतील तिथे तळाशी पुढून पायासाठी असलेली खाच नेहमीच्या १० सेंमीऐवजी २३ सेंमी उंच आणि १५ सेंमी खोल ठेवा, म्हणजे खुर्चीच्या पायठेवणीला जागा होते. जमीन पुसायलाही ते बरं पडतं.

पोहोच हा त्यानंतरचा मुद्दा. बसलेल्या माणसाचा हात साधारण ४० ते १२० सेंमीच्या पट्ट्यात फिरतो, आणि ओट्यावरून पलीकडे हात घालायचा असेल तर ११० पर्यंतच. तुमच्या मुलीला आणि गुडघे दुखणाऱ्या आईलाही साधारण हाच पट्टा सोयीचा पडतो. म्हणून रोजचं सगळं या पट्ट्यात आणि सणावाराचं वर. खालच्या बाजूला दारांची कपाटं अजिबात नकोत, सगळ्या ट्रॉल्या घ्या, आणि चॅनल पूर्ण बाहेर येणारे. कपाटात मागे ठेवलेली वस्तू काढायला गुडघ्यावर बसावं लागतं. ट्रॉलीत ती वरून दिसते. ताटं, पातेली, डबे असं जड सामान ट्रॉल्यांत आलं की वरच्या कपाटांची गरज निम्मी होते. ओट्याच्या मागच्या भिंतीवर हातभर रुंदीची नको, फक्त १२-१५ सेंमी खोलीची एक फळी लावा. रोजच्या बरण्या एका रांगेत, एकीमागे एक नाही. विजेची बटणं आणि प्लगही मागच्या भिंतीवर ठेवू नका. उकळत्या भांड्यावरून हात नेणं कुणालाच बरं नाही. ओट्याच्या पुढच्या पट्टीवर किंवा बाजूच्या भिंतीवर, पाण्यापासून दूर, घ्या.

फ्रीज आणि ओव्हन यांच्याबद्दल एवढंच: दाराची मूठ ज्या बाजूला असते त्याच बाजूला भांडं टेकवायला ४० सेंमी तरी ओटा हवा. ओव्हनचं दार खाली पडणारं नको, बाजूला उघडणारं हवं, नाहीतर भाऊ ओव्हनपर्यंत पोहोचूच शकत नाही. मायक्रोवेव्ह डोक्याच्या वर कधीच नको. गरम द्रव असलेलं भांडं खांद्याच्या वरून काढताना चेहरा आणि छाती भाजते.

आता हात. माझी एक साधी कसोटी आहे, आणि ती तुम्ही दुकानातच करून बघू शकता. मूठ मिटा आणि मिटल्या मुठीने वस्तू चालवून बघा. नळ उघडतो का? ट्रॉली ओढता येते का? शेगडीचं बटण फिरतं का? मूठ मिटून जमलं तर संधिवाताच्या हातालाही जमेल, ओल्या हातालाही आणि पीठ लागलेल्या हातालाही. या कसोटीत गोल गुळगुळीत मुठी आणि खाचेत बोटं घालून ओढायच्या दारांचे प्रकार नापास होतात. इंग्रजी डी आकाराच्या, चार बोटं आत जातील अशा आडव्या मुठी आणि लांब दांडीचा एकच नळ पास होतो.

एका हाताने काम करणाऱ्यांकडून मी सगळ्यात जास्त शिकले. पक्षाघातानंतर उजवा हात गेलेल्या एका बाईंना मी बरणीचं झाकण उघडताना पाहिलं. त्यांनी ट्रॉली बरणीच्या रुंदीएवढी उघडली, बरणी आत उभी केली, कमरेने ट्रॉली दाबून धरली आणि डाव्या हाताने झाकण फिरवलं. मी त्यांना याहून चांगली युक्ती सांगू शकले नसते. मी फक्त एवढं केलं की नव्या स्वयंपाकघरात ती एक ट्रॉली त्यांच्या कमरेच्या उंचीवर घेतली, तिची पुढची फळी जाड केली, आतून रबराची पट्टी लावली आणि तिला आपोआप मंद बंद होणारी चॅनल लावू दिली नाही. तुमच्या आईच्याही अशा काही सवयी असतील, वर्षानुवर्षांच्या सरावाने बसलेल्या. एक दिवस नुसतं बघा, टोकू नका, मदतही करू नका. ती कुठे टेकते, काय दोनदा उचलते, कशासाठी कुणाला हाक मारते. सुताराला बोलावण्याआधी एवढं निरीक्षण झालेलं असू द्या.

उजेडाकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग जाड आणि पिवळसर होतं, बाहुली पूर्वीएवढी मोठी होत नाही, आणि साठीतल्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. म्हणजे तुम्हाला लख्ख वाटणारी खोली आईला अंधारी आहे. त्यात खोलीच्या मध्यभागी एकच दिवा असेल तर ओट्याकडे तोंड केलं की आपलीच सावली सुरीवर पडते. ओट्यावर ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा, आणि तो वरच्या कपाटाच्या किंवा फळीच्या पुढच्या कडेखालून यायला हवा. इथे एक बारीक गोष्ट आहे. उभ्या माणसाला ती दिव्याची पट्टी दिसत नाही, पण बसलेल्या माणसाच्या ती थेट डोळ्यांत जाते. म्हणून पट्टीपुढे तीन-चार सेंमीची आडपट्टी लावा आणि दिवे लावून झाल्यावर भावाला खुर्चीत बसवून तपासा.

चकचकीत दगडाचा ओटा याच कारणाने मी टाळायला सांगते. दिव्याचं प्रतिबिंब त्यात दिसतं आणि वयस्क डोळ्यांना चमक फार सलते. मॅट घ्या. रंगांत फरक ठेवा: ओट्याची कड ओट्यापेक्षा आणि जमिनीपेक्षा वेगळ्या छटेची, म्हणजे भांडं काठावर ठेवलं जात नाही. काळ्या शेगडीवर काळं भांडं आणि पांढऱ्या ओट्यावर पांढरं ताट, दोन्ही अधू नजरेला हरवतात. जमीनही मॅट आणि एकरंगी असू द्या, ओली असताना न घसरणारी. गडद रंगाचं पायपुसणं मधेच टाकू नका. कडा उचललेलं पायपुसणं पाडतं हे तर आहेच, पण स्मृतिभ्रंश असलेल्या काही जणांना तो गडद चौकोन खड्ड्यासारखा भासतो आणि त्यांचं पाऊल तिथे अडखळतं.

गॅस की इंडक्शन, यात मी इंडक्शनकडे झुकते. उघडी ज्वाला नाही, बाही पेटत नाही, भांडं उचललं की तापणं थांबतं. पण दोन गोष्टी तपासा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्वसाधारण सल्ला ६० सेंमी अंतर ठेवण्याचा असतो, आणि स्वयंपाक करताना ते जमत नाही. दुसरं, सपाट काचेवरची स्पर्शाची बटणं कमी दिसणाऱ्या माणसाला निरुपयोगी आहेत, कारण बोटाला काहीच कळत नाही आणि शोधता शोधता भलतंच सुरू होतं. फिरवायच्या बटणांची इंडक्शन शेगडी मिळाली तर तीच घ्या. नाहीतर मुख्य जागांशेजारी उठावाचे चिकटठिपके लावा. गॅसच ठेवायचा असेल तर ज्योत विझल्यावर पुरवठा आपोआप बंद करणारी शेगडी घ्या. वयाबरोबर वास घेण्याची शक्ती कमी होते, त्यामुळे गळती आईच्या लक्षात येईलच असं धरू नका, डिटेक्टर बसवा. सिलेंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून डिटेक्टर जमिनीजवळ. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, म्हणून तो छताजवळ. पुष्कळ ठिकाणी हे उलट बसवलेलं असतं.

गरम पाण्याचंही बघा. ६० अंश सेल्सियसचं पाणी पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं. ४९ अंशांना त्याच गोष्टीला काही मिनिटं लागतात. म्हणून सिंकच्या नळाआधी तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर व्हॉल्व्ह बसवा. आणि सिंकखालचा गरम पाण्याचा पाइप गुंडाळून किंवा आडफळीमागे लपवून टाका. भावाचे गुडघे त्याला टेकले तर त्याला कळणार नाही, हे वर सांगितलंच.

आता खरी अडचण, जी मी लपवणार नाही. ओटा खाली आला की भावाची सोय होते आणि शेगडी मुलीच्या हाताशी येते. शेगडीची बटणं पुढे असली की भाऊ उकळत्या भांड्यांवरून हात न नेता ती वापरू शकतो, आणि मुलगीही ती फिरवू शकते. इथे दोघांनाही शंभर टक्के समाधान देणारा उपाय नाही. मी असं करते: शेगडी ओट्याच्या कडेपासून जमेल तितकी मागे, तिच्या पुढून कुणाची येण्याजाण्याची वाट नाही, बटणांना कुलूप असलेलंच मॉडेल, आणि मुलीची खालची फळी शेगडीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला, सिंकच्या पलीकडे. तिथे तिची स्वतःची एक ट्रॉली, तिची ताटवाटी, तिचा पेला, बोथट सुरी. तिला स्वतःची जागा मिळाली की ती शेगडीकडे कमी येते. धारदार सुऱ्या आणि साफसफाईची रसायनं मात्र कुलपात. सहा वर्षांची मुलगी वर्षभरात बरीच वाढते, म्हणून हा भाग स्क्रूने जोडलेला, हलवता येणारा ठेवा.

दवाखान्यासारखं दिसेल का, ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरी ऐकू येते. वर मी जे सांगितलं त्यातलं काय दवाखान्यासारखं आहे? ट्रॉल्या, लांब दांडीचा नळ, मॅट ओटा, तीन उंचीच्या जागा, ओट्याखाली थोडी मोकळी जागा. पाहुण्याला हे फक्त नीटनेटकं स्वयंपाकघर दिसेल. १९९० मध्ये ऑक्सो कंपनीने जाड, मऊ रबरी मुठीची सोलणी बाजारात आणली. तिची कल्पना संस्थापक सॅम फार्बर यांना सुचली ती पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे नेहमीची सोलणी धरताना होणारा त्रास पाहून. ती घेणाऱ्या बहुतेकांना संधिवात नव्हता. धरायला बरी वाटते म्हणून त्यांनी घेतली. दवाखान्याचं रूप येतं ते नंतर घाईने लावलेल्या स्टीलच्या दांड्यांमुळे आणि पांढऱ्या प्लॅस्टिकमुळे. तुम्ही मुळापासून करताय, त्यामुळे तुमच्यावर ती वेळ येणार नाही.

काम काढण्याआधी खोलीत खडूने ओटे आखा. टेबलं विटांवर चढवून ठरलेल्या उंचीवर आणा. रिकामं पातेलं, मग थंड पाण्याने भरलेलं पातेलं घेऊन प्रत्येकाने सिंक ते शेगडी, शेगडी ते वाढायची जागा असा प्रवास करून बघा. एकाच वेळी दोघांनी, मग तिघांनी. भावाची खुर्ची कुठे अडते हे दहा मिनिटांत कळतं, आणि खडू पुसून दुसरी रेघ मारायला काही लागत नाही.

आणि सगळं एकदम परवडणार नसेल तर क्रम असा लावा. नंतर बदलायला सगळ्यात अवघड असतं ते आधी: दाराची रुंदी, उंबरा, पाण्याच्या आणि निचऱ्याच्या लाइन, विजेच्या तारा. भिंतीचं प्लॅस्टर चालू असतानाच जिथे पुढेमागे आधाराची दांडी लागू शकते तिथे आत भक्कम पाटी बसवून घ्या. फोटो काढून मापं लिहून ठेवा. टाइल्स कपाटांच्या खालीही पूर्ण भिंतीपर्यंत घालून घ्या, म्हणजे उद्या एखादं कपाट काढून गुडघ्यांसाठी जागा करायची वेळ आली तर खाली फरशी तयार असेल. ओढफळी, स्टूल, दिव्याच्या पट्ट्या, मुठी हे नंतर हळूहळू करता येतं.

पुढचं नेमकं सांगायला मला एवढं कळवा: उभ्या राहणाऱ्या तिघांची आणि मुलीची कोपराची उंची, भावाच्या मांडीची आणि बसल्यावर डोळ्यांची जमिनीपासूनची उंची, खुर्चीची रुंदी आणि दांडे निघतात का ते, खोलीची लांबी-रुंदी, आणि निचऱ्याची तोटी सध्या कोणत्या भिंतीला आहे. रोजचा स्वयंपाक मुख्यतः कोण करतं आणि भावाला किती करायची इच्छा आहे, हेही त्यालाच विचारून लिहा.